शाळेची खिचडी बंद झाल्यावर : उन्हाळी सुट्टीत वस्तीतल्या मुलांचं एक वेळचं जेवण कसं उभं करावं

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आठवीपर्यंत रोज एक मोफत जेवण, हा हक्क त्याच्या पाचव्या कलमाने दिला आणि त्याच कलमात शाळेच्या सुट्ट्या वगळल्या. त्यामुळे मेच्या पहिल्या दिवसांत राज्यभर शाळांच्या चुली विझतात त्या जूनच्या मध्यावर पेटतात. विदर्भात ऊन उतरेपर्यंत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, वाट बघावी लागते. पोरगं दुपारचं शाळेतच जेवतं असं धरून ज्या घरानं महिन्याच्या धान्याचा हिशोब बसवलेला असतो, तिथं सहा ते आठ आठवडे रोज एक ताट कमी पडतं.

ते एक ताट वस्तीत कसं उभं करायचं, एवढाच या लेखाचा विषय. पहिल्यांदाच असं काम हातात घेणाऱ्या तरुण मंडळासाठी, बचत गटासाठी, एखाद्या शिक्षकासाठी किंवा सोसायटीतल्या चार घरांसाठी हे लिहिलं आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मेजवानी कोणीही एक दिवस घालू शकतो आणि मे महिन्यात तशा घातल्याही जातात. पोराला लागतं ते रोजचं, ठरलेल्या वेळेचं, साधं जेवण. पुढचं सगळं त्याच हिशोबानं वाचा.

चूल मांडण्याआधी

सरकारनं जिथं जेवण द्यायलाच हवं तिथं आपण वर्गणी काढून पातेलं चढवायचं नाही. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा.

एक, तुमचा तालुका त्या वर्षी दुष्काळग्रस्त जाहीर झाला आहे का. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे : दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवायचं. तालुका यादीत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन ठराव करून घेतलात तर त्या अर्जाला वजन येतं. तोंडी विचारलं तर उत्तर बहुधा ‘वरून पत्र आलेलं नाही’ असंच मिळतं.

दोन, अंगणवाडी. सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा पूरक आहार हा शाळेचा विषय नाही. तो वर्षाला ३०० दिवसांच्या हिशोबानं चालतो, म्हणजे शाळेसारखी दीड महिन्याची सुट्टी त्याला नसते. सेविकाताई आणि मदतनीस आळीपाळीनं रजेवर जातात तेव्हा मात्र केंद्राला कुलूप दिसू शकतं. ताईंना भेटून मे महिन्यात कोण, कधी असणार हे विचारून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा शिधा असतो. तो घरात पोचला का, तेही बघा.

तीन, रेशन. प्राधान्य गटातल्या घराला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य सध्या मोफत आहे. मुलांची नावं कार्डावर चढलेलीच नसतात, किंवा आधारची केवायसी राहिल्यामुळे एखाद्याचा वाटा थांबलेला असतो. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात आलेलं कुटुंब जिथं असेल तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतं, पण वीटभट्टीवरच्या आणि बांधकामावरच्या निम्म्या लोकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. दोन घरांची कार्डं मार्गी लागली तर तुमच्या सुट्टीतल्या खिचडीपेक्षा जास्त धान्य त्या घरात वर्षभर जातं. काम कंटाळवाणं आहे, फोटो निघत नाही, म्हणून कोणी करत नाही.

कोणाची मुलं, किती

‘तुमचं मूल उपाशी राहतं का?’ असं कोणत्याही आईला विचारू नका. ती नाही म्हणेल, आणि तिनं नाहीच म्हणावं. त्याऐवजी विचारा : काल चूल किती वाजता पेटवली? तुम्ही कामावर किती वाजता जाता? दुपारी घरी कोण असतं? पोरांनी काल दुपारी काय खाल्लं? मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत याचं उत्तर बऱ्याचदा चहा-बटर किंवा पाच रुपयांचं पुडकं असं येतं. आई सातला धुण्याभांड्याला बाहेर पडते, रात्रीची पोळी असली तर असते, आणि थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढते.

गावाकडे प्रश्न वेगळे. ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलपासून परततात. हंगामाआधी घेतलेली उचल केव्हाच संपलेली असते आणि पेरणीपर्यंत गावात फारसं काम नसतं. आश्रमशाळेतली मुलं घरी येतात ती सगळ्यात जास्त अडचणीत. इतरांचं दिवसाचं एक जेवण थांबतं, यांचं नाश्त्यापासून रात्रीपर्यंत सगळंच. मेळघाट, पालघर, नंदुरबारकडे काम करत असाल तर ही नावं वेगळ्या पानावर लिहा.

यादी करताना वय दोन गटांत मांडा : पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी. शाळेतली मापं याच गटांवर ठरतात. शाळेत न जाणारी आणि नववी-दहावीची मुलंही येणार, त्यांना दारातून परत पाठवायचं नाही. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला असलं काहीही मागू नका. नाव, वय, वस्तीतली खूण, एवढं पुरे. ‘गरीब मुलांसाठी’ असा फलक लावलात तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं येणार नाहीत. वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी ठेवा. ज्यांच्या घरी पोटभर आहे ती आठवडाभरात आपणच कंटाळतात.

जागा, वेळ आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया

जागा सावलीची, पाण्याजवळची आणि सगळ्या आळ्यांतल्या मुलांना मोकळेपणानं येता येईल अशी हवी. शेवटची अट महत्त्वाची आहे. एका समाजाच्या देवळाच्या ओवरीत जेवण ठेवलं तर दुसऱ्या बाजूची पोरं उंबऱ्याशी थबकतात. समाजमंदिराचंही कधीकधी तसंच होतं. शाळेचं स्वयंपाकघर मिळालं तर उत्तम. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या. शाळेत उरलेल्या सरकारी तांदळाला मात्र हात लावू नका, उसना म्हणूनही नाही. त्याच्या किलोकिलोचा हिशोब असतो आणि गोत्यात सर येतात.

वेळ वस्ती ठरवते. मराठवाड्यात, विदर्भात साडेदहाच्या आत पंगत उठली पाहिजे, नाहीतर पोरं तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी येणार. पण गडचिरोली-गोंदियाकडे मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. तिथं मुलं पहाटेच आईबापाबरोबर जंगलात गेलेली असतात, साडेदहाला तुमच्या पंगतीला कावळासुद्धा येणार नाही. तिथं ती परत आल्यावर, सावली धरून बसवा. एकदा ठरलेली वेळ बदलू नका.

स्वयंपाकाला शाळेत रांधणाऱ्या ताईंनाच विचारा. साठ मुलांच्या खिचडीला किती पाणी आणि किती मीठ लागतं ते त्यांच्या हाताला ठाऊक असतं. आणि केंद्राच्या नियमानं त्यांचं मानधन वर्षात १० महिन्यांचंच असतं, म्हणजे मे महिन्यात त्यांच्याही घरी तंगी असते. त्यांना पैसे द्या. ‘सेवा म्हणून करा’ हे ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच सांगावं. स्वयंपाकी कोणत्या जातीची हवी किंवा नको, यावर कुजबुज सुरू झाली तर पहिल्याच दिवशी तोडून टाका. त्यात तडजोड केली की पुढं पंगतीतही रांगा वेगळ्या होतात.

मापं

शाळेच्या पोषण आहाराची मापं आयती आहेत, तीच वापरा. पहिली ते पाचवीच्या मुलाला कच्चा तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. त्यातून साधारण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरलेलं आहे. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं.

समजा ४० लहान आणि २० मोठी मुलं आहेत. रोजचे ७ किलो तांदूळ, १ किलो ४०० ग्रॅम डाळ, साडेतीन किलो भाजी आणि ३५० ग्रॅम तेल. २ मे ते १४ जून यांतले रविवार वगळले तर साधारण ३८ दिवस होतात. म्हणजे तांदूळ २६६ किलो, डाळ ५३ किलो, तेल १३ किलोच्या आसपास. तांदूळ-डाळ एकदम भरा, घाऊक भावात येते. भाजी दोन-तीन दिवसांची घ्या. तूर महाग वाटली तर मूग, मसूर, मटकी, चवळी आलटून पालटून वापरा, पण डाळीचं माप कमी करू नका. पैसे कमी पडले की सगळे आधी डाळच पातळ करतात आणि मग ताटात नुसता पिवळा भात उरतो.

मे महिन्यात पालेभाजीच्या मागे लागू नका. महाग असते, दुपारपर्यंत सुकते आणि धुवायला पाणी खाते. लाल भोपळा आणा. न कापता आठवडेच्या आठवडे टिकतो, पोरांना गोडसर लागतो, खिचडीत विरघळून जातो. दुधी, गाजर, शेवग्याच्या शेंगा चालतील. दारात शेवगा असेल तर मूठभर कोवळा पाला डाळीत टाका. मटकीला मोड काढण्याचा हौशी बेत या उन्हात नको, दुसऱ्या दिवशी चिकट होऊन वास सुटतो. रात्री भिजवून सकाळी तशीच शिजवा. शेंगदाण्याचा कूट भाजीत सढळ हातानं घाला. तेवढ्या पैशात इतकी ताकद दुसऱ्या कशातून येत नाही.

परवडत असेल तर आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं. अंड्यावरून आपल्याकडे वाद फार. राज्यानं २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. तुमच्या चुलीवर निर्णय तुमचा आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते पातळ करता येत नाही, माझं मत यावरून काय ते ओळखा. सोलून देऊ नका, कवचासकट द्या. फुटकी अंडी बाजूला काढा.

या मापाला ५० लिटरचं पातेलं लागेल. गॅस वापरणार असाल तर व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही.

उन्हाळ्यात अन्न नासतं, आणि लवकर नासतं

या भागात घाई करू नका. अपुरं जेवण दिलं तर एक दिवस वाया जातो, नासलेलं दिलं तर साठ मुलं दवाखान्यात जातात आणि काम कायमचं बंद पडतं.

भात शिजवून ठेवून दिला की त्यातले जंतू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून सकाळी शिजवायचं, गरम वाढायचं, शिजल्यापासून दोन तासांच्या आत पातेलं रिकामं करायचं. उरलेलं रात्रीसाठी ठेवायचं नाही, पोरांच्या डब्यातही द्यायचं नाही. धाकट्या भावासाठी घरी न्यायला मागतात तेव्हा नाही म्हणणं जिवावर येतं. उपाय असा की धाकट्यालाच कडेवर घेऊन यायला सांगायचं आणि त्याचा वाटा मापात आधीच धरायचा.

मुलांना वाढण्याआधी अर्धा तास दोन मोठ्या माणसांनी ते जेवण खायचं. चमचाभर चाखून भागत नाही, वाटीभर खायचं. एक वाटी नमुना झाकणाच्या डब्यात, तारीख घालून, दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवायचा. हातावर जखम असेल, जुलाब किंवा ताप असेल त्या ताईंना त्या दिवशी सुट्टी, पण मजुरी कापायची नाही. कापली तर त्या आजार लपवतील.

तेलाचा डबा नवा, दुकानातून बंद आलेला. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी १६ जुलै २०१३ ला शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचं कीटकनाशक होतं. कापसाच्या पट्ट्यात घराघरांत फवारणीचं औषध असतं आणि रिकामा डबा ‘चांगला आहे’ म्हणून धुऊन वापरला जातो. तुमच्या कोठारात असा एकही डबा, बाटली, बादली येऊ देऊ नका. ज्या खोलीत खत-औषध ठेवतात तिथं तांदूळही ठेवू नका.

पिण्याचं पाणी टँकरचं असेल तर क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. ग्रामपंचायतीकडे किंवा आशाताईंकडे ते मिळतात. हात धुवायला साबण जाळीत बांधून टांगा, नाहीतर दोन दिवसांत जातो. चिरलेलं कलिंगड, उसाचा रस, बर्फ घातलेलं सरबत, बाहेरून आलेलं ताक नको. पन्हं तिथल्या तिथं उकडलेल्या कैरीचं आणि शुद्ध केलेल्या पाण्याचं असेल तर बिनधास्त द्या.

मे म्हणजे लग्नसराई. कुणीतरी फोन करेल की कार्यालयात शंभर माणसांचं जेवण उरलंय, घेऊन जा. आदल्या रात्रीचं, किती वेळ उघड्यावर होतं ते माहीत नसलेलं अन्न घ्यायचं नाही. देणारा रागावतो, रागावू दे. त्याला सांगा की पुढच्या लग्नाला दोन पोती तांदूळ आधी द्या.

अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्यात नफ्यासाठी नसलेलं अन्नदानही ‘अन्न व्यवसाय’ यातच धरलं आहे. त्यामुळे रोज शिजवून वाटणार असाल तर साधी नोंदणी करून घ्या. ऑनलाइन होते, शुल्क नाममात्र असतं.

तीन-चार मुलांना एकदम उलट्या झाल्या तर वाढणं थांबवा, १०८ ला फोन करा, नमुन्याचा डबा बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. यादी हाताशी असली तर कोणाच्या घरी जाऊन बघायचं ते लगेच कळतं.

पंगत

मुलांना रांगेत ताटं घेऊन उभं करू नका. बसवा आणि वाढा. पहिल्या वाढीनंतर पुन्हा फिरा, मागावं लागू नये. जेवणाआधी श्लोक, घोषणा, पाहुण्यांचं भाषण काही नको. देणगीदार वाढायला आला तर येऊ दे, पण मोबाइल खिशात. पोराच्या तोंडात घास जातानाचा फोटो त्याच्या शाळेतल्या मित्रांपर्यंत जातो आणि दुसऱ्या दिवसापासून ते येत नाही.

जेवणानंतर तासभर सावलीत काही करता आलं, गोष्टीची पुस्तकं, कॅरम, चित्रं, तर मुलं रमतात आणि जेवायला येण्याचा संकोचही कमी होतो. नाही जमलं तरी बिघडत नाही.

डोळे उघडे ठेवा. पाच वर्षांखालचं एखादं भावंड फारच रोड, सुस्त दिसलं तर सेविकाताईंना दंडाचा घेर मोजायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, आणि तिथं तुमची खिचडी पुरेशी नाही, डॉक्टर लागतात. मोठ्या मुलांना ही पट्टी लावू नका, ती त्यांच्यासाठी नाही.

पैसे

सरकार शाळेच्या जेवणाला धान्य वेगळं देतं. डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. आपल्या साठ मुलांना या दरानं दिवसाला ४७५ रुपये होतात. तुमचा खर्च यापेक्षा बराच वर जाईल, कारण तांदूळ विकत आणि ताईंची मजुरीही आहे. पहिल्या आठवड्याचा खरा खर्च लिहा आणि त्यावरून पुढचा अंदाज करा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी ठेवावा लागतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारा आणि त्यातून डाळ-तेलाची मागणी ठेवा. शहरात किराणा दुकानदार रोख देत नाहीत पण पोतं देतात. वाढदिवस आणि श्राद्धाची अन्नदानं येतील, त्यांना ‘जिलेबी नको, त्या दिवसाची अंडी द्या’ असं स्पष्ट सांगा. पैसे एका माणसाच्या खात्यावर घेऊ नका. बचत गटाचं किंवा नोंदणीकृत मंडळाचं खातं वापरा आणि रोजचा हिशोब वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. किती मुलं जेवली, काय आणलं, काय उरलं, एवढ्या तीन ओळी.

तीस दिवसांचं धान्य हाती आल्याशिवाय सुरू करू नका. दहा दिवस चालवून बंद पडलेली खिचडी न चालवलेलीपेक्षा वाईट, कारण तोवर घरच्या चुलीनं तुमच्यावर हिशोब बसवलेला असतो. पैसे कमीच असतील तर मुलं कमी करू नका, वस्ती कमी करा : एकच आळी घ्या, पण सुट्टी संपेपर्यंत चालवा.

जून

शाळा उघडायच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा, तांदूळ आला आहे का, गॅस आहे का, पहिल्या दिवसापासून शिजणार का. अनेक ठिकाणी पुरवठा दोन-चार दिवस मागे पडतो. तेवढ्या दिवसांचं सामान तुमच्याकडे राखून ठेवा आणि शाळेत खिचडी शिजलेली स्वतः बघितल्यावरच पातेलं घासून ठेवा. तुमच्या हजेरीची प्रत सरांना द्या. त्यातलं जे नाव शाळेत दिसत नाही, ते मूल आईबापाबरोबर कामावर गेलंय का, याची चौकशी पहिल्या आठवड्यातच करता येते. उरलेली डाळ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकते. त्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा निघायला लागतात, तेव्हाची यादी आत्ताच वेगळी मांडून ठेवा.